पॅरिशच्या नोंदवह्या, वृत्तपत्रांतील निवेदने आणि कुलसंशोधन : ग्रँट डफच्या घराण्याच्या निमित्ताने

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ग्रँट डफ हे नाव चांगलेच परिचयाचे आहे. परंतु या नावाचे मूल स्कॉटलंडमध्ये कधी जन्मलेच नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ८ जुलै १७८९ रोजी बॅन्फ येथे जन्मला तो जेम्स ग्रँट. १८०५ साली कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून आला, १८०८ साली मालियाच्या किल्ल्यावरील हल्ल्यात लढला आणि पुढे साताऱ्यास रेसिडेंट झाला, तोही जेम्स ग्रँटच. मायदेशी परतल्यानंतर १८२५ च्या सुमारास ईडन येथील जहागीर त्याला वारशाने मिळाली व तिच्याबरोबर 'डफ' हे नाव त्याने धारण केले. १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला तो या नव्या नावाने. उत्तरायुष्यात पत्नीच्या वारशामुळे 'कनिंगहॅम' हेही नाव त्यात जोडले गेले. तात्पर्य, बॅन्फच्या पॅरिशची नोंदवही उघडून जो 'डफ' शोधू लागेल, त्याला आपला इतिहासकार तेथे भेटणार नाही. आणि भेटलाच, तर तो दुसराच कोणी असेल.

कंपनीच्या काळावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आज ही चूक करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रतिमा आणि सूची आता संगणकावर पाहता येतात. नाव लिहिले की यादी समोर येते, आणि तीत वर्ष जुळणारा पहिला मनुष्य हाच आपला, असे मानण्याचा मोह होतो. या नोंदी कोणी, कशासाठी व कोणत्या परिस्थितीत केल्या हे ठाऊक असेल तरच तो मोह आवरता येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती. इंग्लंडमध्ये टॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणे आवश्यक झाले. स्कॉटलंडमध्ये १५५२ साली धर्मसभेने तशीच आज्ञा दिली, पण तिचे पालन फार विषम झाले. एरल या पॅरिशची वही १५५३ पासून आहे, तर काही पॅरिशांत अठराव्या शतकापूर्वीचे एक पानही नाही. येथे पहिली गोष्ट ध्यानात धरावयाची ती ही, की वही संस्काराची आहे, आयुष्याची नव्हे. तीत बाप्तिस्मा आहे, जन्म असेलच असे नाही. विवाहाची घोषणा आहे, विवाह नव्हे. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार तर स्त्रीपुरुषांच्या केवळ परस्परसंमतीनेही विवाह सिद्ध होत असे, व ही मुभा १९४० पर्यंत टिकली. म्हणून विवाहाची नोंद सापडली नाही, एवढ्यावरून संतती अनौरस होती असे लिहिणे हा अन्याय होय.

दफनाच्या नोंदी तर तेथे सर्वांत उपेक्षित. पुष्कळ ठिकाणी मृत्यूचा एकमेव पुरावा उरतो तो हिशेबाच्या वहीत. प्रेतावर पांघरण्याचे वस्त्र पॅरिशकडून भाड्याने मिळे आणि त्या भाड्याची रक्कम मृताच्या नावासमोर लिहिली जाई. ज्याने ते वस्त्र घेतले नाही, त्याचा मृत्यूही बहुधा अलिखित राहिला.

ग्रँटच्या जन्मवर्षालाही एक विशेष अडचण आहे. १७८३ ते १७९४ या काळात ब्रिटिश सरकारने अशा प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसविला होता. तीन पेन्स ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. मजुरी करणाऱ्या कुटुंबास ती तशी नव्हती, आणि अनेकांनी नोंदच टाळली. त्यात ईशान्य स्कॉटलंडमध्ये एपिस्कोपल पंथाचे लोक बरेच असत. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे राजमान्य चर्चच्या वहीत मिळतीलच असे नाही. त्या दशकातील नोंदींचा अभाव हा माणसांचा अभाव समजू नये.

आता नावांचा प्रश्न. ग्रँट हे स्पे नदीच्या खोऱ्यातील एका मोठ्या कुळाचे नाव. जेम्स, जॉन, विल्यम ही नावे तेथे घरोघर. शिवाय पहिल्या मुलास आजोबांचे व दुसऱ्यास आईच्या वडिलांचे नाव देण्याची चाल तेथे होती. आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवीत असल्यामुळे मराठी वाचकास ही चाल परकी वाटणार नाही. तिचा परिणाम असा, की चार भावांच्या घरी एकाच नावाचे चार चुलतभाऊ एकाच सुमारास जन्मतात. लहानपणी मूल दगावले तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवीत. म्हणून सापडलेला बाप्तिस्मा मृत भावंडाचा नाही ना, हे पाहावे लागते. दफनाची नोंद नसेल तर धाकट्या भावंडांचे सर्व बाप्तिस्मे तपासणे हाच उपाय. एक सोय मात्र स्कॉटलंडच्या नोंदींत आहे: बाप्तिस्म्याच्या वेळी आईचे माहेरचे नाव पुष्कळदा लिहिलेले असते. इंग्लंडच्या वहीत बहुधा तिचे केवळ पहिले नाव मिळते, आणि कधी तेही नाही.

नावे ठेवण्याची ही चाल प्रमाण मानून उलट दिशेने तर्क करणे मात्र धोक्याचे. ग्रँट डफच्या १८२९ साली जन्मलेल्या थोरल्या मुलाचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हाच पुढे १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचा गव्हर्नर झाला. घराण्याची पार्श्वभूमी ठाऊक नसलेला संशोधक या नावावरून एल्फिन्स्टनांशी रक्तसंबंध जोडील. वस्तुतः ते नाव मुंबईच्या गव्हर्नरविषयीच्या कृतज्ञतेचे आहे.

वारशाबरोबर नाव बदलते, हेही आपल्याला नवे नाही. दत्तकविधानात तेच घडते. ज्या सातारच्या गादीशी ग्रँटचा संबंध आला, ती १८४८ साली कंपनीने खालसा केली ती दत्तक नामंजूर करून. जमिनीसाठी दुसऱ्या घराण्याचे नाव घेण्यात स्कॉटलंडमध्ये कोणास काही वावगे वाटत नव्हते.

कॅडेट होऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या अर्जाला सामान्यतः बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे, व हे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावच्या वहीतील मुलगा आणि मुंबईच्या फौजेतील अधिकारी एकच, हे जोडणारा दुवा तो हाच. तोही डोळे मिटून स्वीकारू नये. नेमणुकीस वयाची अट होती, आणि जेथे अट असते तेथे दाखला सोयीचा करून घेण्याची इच्छाही असते.

मुंबईत आल्यानंतर त्याच माणसाचा मागोवा कंपनीच्या धर्मोपदेशकांच्या नोंदींत लागतो. त्यांच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. मुंबई इलाख्याच्या अशा प्रती १७०९ पासून आहेत. १७१८ साली प्रार्थनेसाठी खुल्या झालेल्या सेंट टॉमस चर्चमधील विवाह व दफने त्यांत मिळतात. प्रत म्हटली की नकलनविसाचे प्रमाद आलेच. मूळ वही उपलब्ध असेल तेथे ती पाहिल्याविना स्वस्थ बसू नये.

नोंदवहीच्या जोडीला वृत्तपत्र येते. मुंबईत 'बॉम्बे कुरिअर' व 'बॉम्बे गॅझेट' ही अठराव्या शतकाच्या अखेरीची पत्रे. लंडनमध्ये १८१६ पासून निघणाऱ्या 'एशियाटिक जर्नल'मध्ये तिन्ही इलाख्यांतील जन्म, विवाह व मृत्यू छापले जात. १८३० नंतरच्या दशकात इजिप्तमार्गे टपाल सुरू होईपर्यंत वार्ता केपला वळसा घालून जाई, तीस चार-सहा महिने लागत. त्यामुळे अंकाची तारीख ही मृत्यूची तारीख म्हणून लिहिणारा संशोधक मृतास अर्धे वर्ष अधिक आयुष्य देतो.

या निवेदनांची भाषा ठराविक असे. अमुक कॅप्टनच्या पत्नीस पुत्र झाला, एवढेच. मुलाचे नाव नाही, आईचेही नाही. मृत्यूच्या निवेदनात मात्र वय, आजार, वडिलांचे गाव अशी माहिती ओघाने येते, आणि बापाचे गाव कळले की पॅरिश कळते. सर्वांत उपयोगी, पण विद्यार्थी सहसा ओलांडून जातात ती जाहिरात म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने धनकोंस दिलेली सूचना. शोकसंदेशात कुटुंब आपल्याला हवे तेवढे सांगते. देण्याघेण्याच्या कामात खरी नावे द्यावीच लागतात.

आडनाव म्हणजे कुळ हे समीकरण आपल्या किनाऱ्यावर तर आणखी दुर्बळ ठरते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली कॅथलिक पॅरिशांना बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले, आणि गोवा, वसई येथे तशा वह्या सुरू झाल्या. परंतु धर्मांतर करणाऱ्यास पुष्कळदा धर्मपित्याचे आडनाव मिळे. एकाच घरातील दोघे भाऊ दोन आडनावे लावू लागले, आणि परस्परांशी नाते नसलेली शेजारची दोन घरे एकाच नावाची झाली. मुंबईत तर १७९४ साली चर्चेच दोन अधिकारांत विभागली गेली. माहीमचे सेंट मायकेल एका बाजूस, माझगावचे ग्लोरिया दुसऱ्या बाजूस. अशा कुटुंबाची एक पिढी एका वहीत व दुसरी दुसरीत सापडली, तर ते स्थलांतर नव्हे.

आणि ज्यांना वहीत नावच दिले नाही त्यांचे काय? कंपनीच्या काळच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत बाप इंग्रज वा स्कॉट अधिकारी, मूल 'नैसर्गिक' आणि आई केवळ 'एक देशी स्त्री', अशा ओळी पुन्हा पुन्हा येतात. कित्येकदा एवढाही उल्लेख नसतो. वृत्तपत्र तर या जन्माबद्दल मौनच पाळते. स्कॉटलंडमधील आजोबांपर्यंत बिनचूक जाणारी वंशावळ मुंबईतील आजीपाशी तुटते. अशा वेळी अधिकाऱ्याचे मृत्युपत्र पाहावे. वहीत ज्या स्त्रीचा उल्लेख टाळला, तिला तेथे पैसे किंवा घर ठेवलेले आढळते, आणि त्यासाठी तिचे नाव लिहावे लागते. इंग्रजी कानाने ऐकलेले, वाटेल तसे लिहिलेले, कधी बाप्तिस्म्यानंतरचे. त्या अक्षरांमागे मूळ मराठी नाव कोणते, हे मराठी जाणणाऱ्या संशोधकालाच ओळखता येईल, आणि हे काम फारसे झालेले नाही.