अंगाच्या मापाची होडी

कयाक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पर्यटनस्थळी भाड्याने मिळणारी रंगीत प्लास्टिकची होडी येते. आज आपण बोलणार आहोत ते हाताने बांधलेल्या लाकडी कयाकबद्दल, आणि तेही ग्रीनलंडच्या. ही सील मारायला एकट्याने जाणाऱ्या इनुइट शिकाऱ्याची होडी.

पहिला प्रश्न असा, की ग्रीनलंडमध्ये जंगल जवळजवळ नाहीच, मग लाकूड कुठलं? सायबेरियातल्या नद्यांमधून समुद्रात गेलेले ओंडके बर्फाबरोबर वाहत तिथल्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे लाकूड मिळेल तेवढंच. त्यामुळे फळ्या जोडून होडी करण्याऐवजी त्यांनी नुसता सांगाडा लाकडाचा केला आणि त्यावर सीलचं कातडं चढवलं.

आता मापं पाहू. ती आपल्याला ओळखीची वाटतील, कारण वाव, हात, मूठ ही मापं आपल्याकडेही होती. लांबी साधारण तीन वाव. रुंदी म्हणजे वल्हवणाऱ्याची कंबर आणि वर दोन मुठी. बैठकीपाशी खोली किती? अंगठा ताणलेल्या मुठीएवढी. वल्हं एक वाव अधिक एक हात. थोडक्यात, होडी अंगरख्यासारखी बेतायची. एकाची दुसऱ्याला नीट बसत नाही.

बांधणीत सगळा जोर दोन्ही काठांच्या लांब पट्ट्यांवर असतो. त्यांना खाचा पाडून आडव्या पट्ट्या बसवतात. मग वाफ देऊन किंवा भिजवून वाकवलेल्या फासळ्या, आणि त्याखाली तीन लांब पट्ट्या. जोडायला लाकडी खिट्या आणि वाद्या, खिळे नाहीत. बांधलेला सांधा लाटेबरोबर किंचित लवतो, ताठ सांधा तडकतो. कातडं ओलं असताना स्त्रिया ते ताणून शिवत, वाळलं की ते तट्ट बसे. आज कातड्याऐवजी बहुधा कॅनव्हास किंवा नायलॉन वापरून वर रंग देतात.

एवढी अरुंद होडी उलटणार नाही का? उलटते! आणि तिथलं पाणी गोठण्याच्या बेताचं. होडीतून बाहेर पडलेला माणूस थोड्याच वेळात गारठून हातपाय हलवेनासा होतो. म्हणून होडीत बसल्याबसल्याच पुन्हा सरळ व्हायचं. त्यासाठी कातड्याचा एक झगा असतो. तो तोंडाभोवती, मनगटांवर आणि बैठकीच्या कड्याभोवती आवळला की पाणी आत शिरत नाही. वल्हं पाण्याच्या पृष्ठभागावरून फिरवत कंबरेने होडी पालटायची, आणि डोकं सर्वांत शेवटी बाहेर काढायचं. शिकणारे नेमके इथे फसतात. श्वासासाठी डोकं आधी उचललं, की त्याचं वजन होडीला परत खाली ओढतं. वल्हं हातातून गेलं, एक हात भाल्याच्या दोरीत अडकला, तर काय? प्रत्येक अडचणीसाठी वेगळी पद्धत आहे. तिथल्या स्पर्धांत अशा तीसहून अधिक पद्धती करून दाखवतात.

पण हे कौशल्य म्हणजे अभय नव्हे. जिनो वॉटकिन्स हा इंग्रज संशोधक 1930-31च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या लोकांकडून हे शिकला आणि त्यात चांगला तयारही झाला. ऑगस्ट 1932मध्ये तो पूर्व ग्रीनलंडमध्ये एकटाच कयाकमधून सीलच्या शिकारीला गेला. पुढे कयाक सापडली, तो सापडला नाही. वय होतं 25.

मोटरबोटी आल्या तशी ही विद्या मागे पडत गेली. 1980च्या दशकात ग्रीनलंडच्या तरुणांनी मंडळं काढून ती पुन्हा हाती घेतली, म्हाताऱ्यांकडून शिकून घेतली.

तेव्हा ज्यांना अशी होडी बांधायची आहे, त्यांना आमचं सांगणं एवढंच. सांगाडा चार-सहा आठवड्यांत उभा राहील. पालटणं शिकायला मात्र उथळ, शांत पाणी हवं आणि शेजारी उभा राहणारा माणूस हवा. सरळ होता येऊ लागलं, तरी खोल पाण्यात एकटं जाऊ नका.