मुद्दल शाबूत, दान चालू

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी पंडिता रमाबाई काढणार असलेल्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याची हमी या मंडळींनी घेतली. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली आणि सभासद वर्षाला एकेक डॉलर देऊ लागले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. दहा वर्षांची मुदत सरली तेव्हा, १८९८ मध्ये, रमाबाईंना मदतीसाठी पुन्हा अमेरिकेला जावे लागले.

वर्गणीवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला हा घोर असतो. त्यावर अमेरिकेतल्या चर्चनी फार पूर्वीच एक तोड काढली होती, ती म्हणजे अक्षय निधी. देणगीचे मुद्दल गुंतवायचे, त्याला हात लावायचा नाही आणि उत्पन्नातला ठरावीक भागच खर्च करायचा. प्रेस्बिटेरियन पंथाची अशी निधी सांभाळणारी संस्था १७९९ पासून काम करते आहे. आज अनेक पंथांची स्वतंत्र फाउंडेशन आहेत. लहान गावातल्या चर्चला गुंतवणुकीचे तज्ज्ञ नेमणे परवडत नाही, म्हणून अशी अनेक चर्च आपला निधी फाउंडेशनकडे सोपवतात.

हिशेब सोपा आहे. एखाद्याने दहा हजार डॉलर दिले आणि वार्षिक खर्चाचे प्रमाण निधीच्या चार टक्के ठरले, तर पहिल्या वर्षी चारशे डॉलर हाती येतात. पुढे बाजार चढला-पडला तरी खर्चाला एकदम धक्का बसू नये म्हणून बहुतेक संस्था मागील तीन वर्षांच्या सरासरी मूल्यावर टक्केवारी काढतात. चारशे डॉलर लहान दिसतात, पण शिष्यवृत्तीला, छपराच्या दुरुस्तीला किंवा अन्नवाटपाला ते दरवर्षी मिळत राहतात.

देण्याच्या वाटाही अनेक आहेत. सर्वांत परिचित वाट मृत्युपत्राची. दुसरी शेअर्सची: दोन हजारांना घेतलेले शेअर वर्षापेक्षा जास्त काळ ठेवल्यावर दहा हजारांचे झाले आणि ते न विकता थेट फाउंडेशनच्या नावे केले, तर आठ हजारांच्या नफ्यावरचा कर लागत नाही. साडेसत्तर वर्षांवरील व्यक्तीला निवृत्तीच्या ‘आयआरए’ खात्यातून थेट दान देता येते आणि ठरलेल्या वार्षिक मर्यादेपर्यंतची ती रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. आणखी एक सोय म्हणजे आज रक्कम द्यायची, हयातीत ठरावीक वार्षिक उत्पन्न घ्यायचे आणि मागे उरेल ते संस्थेचे. अमेरिकन बायबल सोसायटीने १८४३ मध्ये ही पद्धत सुरू केली.

निधी मोठा झाला की जबाबदारीही वाढते. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला १७०५ मध्ये राणी ॲनकडून मॅनहॅटनमध्ये २१५ एकर जमीन मिळाली. बरीचशी जमीन पुढे विकली किंवा दान दिली गेली, तरी उरलेल्या जमिनीने हे चर्च अतिश्रीमंत झाले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याच मालकीच्या जागांवर गरिबांच्या मोडकळीला आलेल्या चाळी उभ्या होत्या. पत्रकार चार्ल्स एडवर्ड रसेल यांनी १९०८ मध्ये त्या उघडकीस आणल्या. टीकेचा रेटा वाढल्यावर चर्चला आपले हिशेब लोकांपुढे मांडावे लागले आणि चाळी पाडल्या गेल्या. गरिबांच्या सेवेसाठी असलेले उत्पन्न गरिबांच्याच हलाखीतून येत असेल, तर मुद्दल सुरक्षित राहूनही दानाचा अर्थ हरवतो.

विशेष म्हणजे अमेरिकेत चर्चना सरकारकडे वार्षिक आर्थिक विवरण भरण्याची सक्ती नाही. म्हणून माहिती मागून घेण्याचे काम देणाऱ्यालाच करावे लागते. पैसे कुठे गुंतवले आहेत? दरवर्षी किती टक्के खर्च होतात? व्यवस्थापनाचे शुल्क किती? हिशेब तपासणीचा अहवाल सभासदांना मिळतो का? दानाचा हेतू लेखी नोंदवावा, पण तो फार अरुंद नसावा. ‘ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी’ ठेवलेले पैसे ऑर्गनच काढून टाकल्यावर अडकून पडतात. ‘चर्चच्या संगीतासाठी’ एवढे लिहिले तर पुढच्या पिढीला वाव राहतो.

महाराष्ट्रातल्या शाळेला, वाचनालयाला किंवा देवस्थानाला कायम ठेव देणाऱ्या वाचकांनीही हेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घेऊन मगच धनादेश द्यावा.