विश्लेषण : बाहेरून कोरा, आतून तारा… वेगवान गाड्यांचे टायर अकाली का झिजतात?

वेळापूर : येथील एका टायर दुकानात गेल्या आठवड्यात एक सेदान जॅकवर चढली. गाडीला दीड वर्ष झालेले, रनिंग बावीस हजारांचे. मालकाची तक्रार एवढीच की, साठच्या पुढे गेले की पुढून घूं-घूं आवाज येतो. बेअरिंग गेले असावे. चाक उतरवले तर बेअरिंग ठणठणीत होते. टायरची बाहेरची नक्षीही शाबूत होती. मात्र आतल्या कडेचे रबर संपून तारा दिसू लागल्या होत्या. दोन दिवसांनी हीच गाडी घरच्या पाच जणांना घेऊन जालन्यातून ‘समृद्धी’ धरणार होती आणि पुढे नागपूरला जाणार होती. आवाज आला नसता, तर चाक कुणी उतरवलेही नसते.

पूर्वी असा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या महागड्या परदेशी गाड्यांपुरता होता. आता टर्बो इंजिनच्या सेदान, मोठ्या चाकांच्या एसयूव्ही आणि झपाट्याने वेग घेणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या माळशिरस, अकलूज, पंढरपूर पट्ट्यातही दारोदार दिसतात. गाडी वेगवान झाली, पण टायरकडे पाहण्याची सवय जुनीच राहिली. म्हणूनच या झिजेचे गणित समजून घ्यायला हवे.

झीज ‘अकाली’ कधी म्हणायची?

कारच्या नव्या टायरवर साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल नक्षी असते. ती १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलणे कायद्यानेच आवश्यक ठरते. नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण जिथे दिसतो, त्याच्या सरळ रेषेत हे उंचवटे सापडतात. रबर त्यांच्या पातळीला आले की टायरचे आयुष्य संपले.

म्हणजे खर्च करण्याजोगे रबर जेमतेम सहा मिलिमीटर. साधे टायर यावर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर काढतात. वेगासाठी बनवलेले मऊ टायर वीस-पंचवीस हजारांतच संपू शकतात आणि तो दोष नव्हे, तो त्यांचा स्वभाव आहे. दोष तेव्हा म्हणायचा, जेव्हा एक कड संपते आणि उरलेला टायर तसाच राहतो, किंवा चारपैकी एकच टायर पुढे निघून जातो. अशा वेळी दुखणे टायरचे नसते, गाडीचे असते. टायर फक्त ते दाखवून देतो.

वेगवान गाड्यांवरच ही वेळ का येते?

पहिले कारण रबराचे. रस्त्याला घट्ट धरून ठेवणारे रबर मऊ असते आणि मऊ रबर लवकर झिजते. अनेक टायरच्या बाजूला ‘ट्रेडवेअर’ असा आकडा छापलेला असतो. प्रमाण टायरला १०० धरून तो काढला जातो. शांतपणे चालवण्याच्या टायरवर हा आकडा ४०० ते ६०० च्या घरात असतो, वेगाच्या टायरवर अनेकदा ३०० किंवा त्याहून कमी. हा आकडा म्हणजे किलोमीटरची हमी नाही, आणि दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपूनच करावी. पण एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये कोण जास्त टिकेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

दुसरे कारण ताकदीचे. चाकण येथे बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे १.५ लिटर टर्बो इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क देते आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर जातो. वळवणे, ओढणे आणि ब्रेकचा मोठा भार ही तिन्ही कामे त्याच दोन टायरवर पडतात. सिग्नल सुटताच पाय दाबायची सवय असेल, तर पुढची जोडी मागच्या जोडीच्या कितीतरी आधी संपते. वळणात टायरवर येणारी बाजूची ओढ दुप्पट झाली, तर झीज ढोबळमानाने चौपट होते. त्यामुळे तीच गाडी, तोच रस्ता, पण दोन चालकांच्या हातात टायरचे आयुष्य निम्म्याने वेगळे असू शकते.

तिसरे कारण कंपनीने मुद्दाम ठेवलेल्या चाकांच्या कोनांचे. ते जरा सविस्तर पाहू.

कॅम्बर आणि टो म्हणजे नेमके काय?

गाडीसमोर उभे राहून चाकांकडे पाहा. चाकांचे माथे आतल्या बाजूला झुकलेले असतील, तर त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते, तेव्हा असे झुकलेले चाक रस्त्यावर सपाट बसते आणि पकड वाढते. वेगवान गाड्यांमध्ये हा झुकाव एक ते दोन अंशांपर्यंत असू शकतो. त्याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते. तिथे टायरचा आतला काठच जास्त दाब घेतो.

टो हा कोन वरून पाहिल्यावर कळतो. दोन्ही पायांचे अंगठे आत वळवून किंवा बाहेर फाकवून चालून पाहा. चाकेही तशीच आत किंवा बाहेर वळलेली असू शकतात. असे चाक पुढे गडगडते, पण त्याच वेळी थोडे बाजूला फरफटतेही.

ही फरफट किती असते? चाक फक्त पाव अंशाने चुकले असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे ४.४ मीटर बाजूला ओढले जाते. ‘समृद्धी’ची लांबी ७०१ किलोमीटर. एवढ्या एका प्रवासात तो टायर तीन किलोमीटरहून अधिक आडवा घासला जातो. पाव अंश डोळ्यांना दिसत नाही, स्टिअरिंगलाही नेहमी जाणवत नाही. रबराला मात्र तो रोज जाणवतो.

म्हणून एकट्या कॅम्बरपेक्षा चुकलेला टो जास्त रबर खातो आणि दोन्ही एकत्र आले की आतली कड बघता बघता संपते. दुकानात आलेल्या सेदानचे हेच झाले होते. मालकाने हौसेने मोठे अलॉय आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकून घेतल्या होत्या. गाडी खाली बसली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. बदलानंतर अलाइनमेंट करायचे राहून गेले. पुढच्या आठ हजार किलोमीटरमध्ये आतली कड तारांपर्यंत पोहोचली.

टायर ‘वाचायचा’ कसा?

झिजेचा नमुना पाहून कारण बऱ्याच अंशी ओळखता येते.

- दोन्ही कडा झिजल्या, मध्य शाबूत : हवा कमी आहे. टायर मध्यात पोकळ राहून कडांवर चालतो.
- मध्य झिजला, कडा शाबूत : हवा जास्त आहे.
- एकच कड झिजली : कॅम्बर, टो किंवा दोन्ही चुकले आहेत. आतली कड असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.
- नक्षीच्या ठोकळ्यांना एका बाजूने धार : टायरवरून हलक्या हाताने आडवा तळवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो चुकला आहे. मात्र तारा दिसत असतील तर हात लावू नका.
- ठरावीक अंतरावर खळगे : शॉकअप थकला आहे किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडले आहे. चाक रस्त्यावर उड्या मारत चालते. घूं-घूं आवाज बहुधा याचाच किंवा धार आलेल्या नक्षीचा असतो.
- एकाच ठिकाणी सपाट डाग : ब्रेक लागून चाक घसरले आहे. गाडी महिनोन्महिने एकाच जागी उभी असेल तरीही असे होते.

आपले रस्ते, आपले ऊन

मोठे अलॉय बसवले की गाडी रुबाबदार दिसते, पण रिम आणि रस्ता यांच्यातली रबराची गादी पातळ होते. १८५/६५ मापाच्या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. २२५/४५ मापात ती १०१ वर येते. दिसायला फरक पावणेदोन-दोन सेंटिमीटरचा. पण खड्डा लागला की हेच दोन सेंटिमीटर रिम वाचवतात.

दिवे घाट ते मोहोळ या संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. मुख्य रस्ता सुधारला की वेग वाढतो, हे ओघाने आलेच. मात्र महामार्ग सोडून गावाकडे वळले की खड्डे, बिनरंगाचे गतिरोधक आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या साइडपट्ट्या तशाच आहेत. ताशी शंभरवरून आलेली गाडी चाळीसच्या वेगाने खड्ड्यात आदळली तरी सस्पेन्शनचा एखादा आर्म किंचित वाकू शकतो. गाडी सरळच चालते. कोन मात्र गेलेला असतो.

उन्हाचा प्रश्न वेगळाच. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय हवा भरलेला टायर चालून चालून ७० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब ४० च्या आसपास जातो. तो पाहून अनेक जण हवा कमी करतात. ही घातक चूक आहे. टायर थंड झाला की दाब गरजेपेक्षा खाली येतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबल्याने आणखी तापतो आणि कडाही झिजतात. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरसाठीच असतो, त्यात चालताना वाढणारा दाब आधीच धरलेला असतो.

नायट्रोजन भरला की सारे प्रश्न मिटतात, असेही नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडा नायट्रोजन चांगला, पण त्याचाही दाब तपासावाच लागतो.

इलेक्ट्रिक गाड्यांचे काय?

बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जड असते आणि टॉर्क शून्य वेगापासूनच मिळतो. चाकणलाच बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ ची मोटर ३८० न्यूटन मीटर टॉर्क देते आणि तो मागच्या चाकांवर जातो. पाय उचलल्यावर मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी चार्ज होते. त्या रोखण्याचा ताणही त्याच मागच्या टायरवर येतो. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, म्हणून देखभाल नाही असे मानणाऱ्यांचा पहिला मोठा खर्च अनेकदा टायरचाच असतो. एकोणीस इंची टायरची जोडी बदलायची म्हटली की महिन्याच्या बजेटला खिंडार पडते.

‘समृद्धी’ने काय शिकवले?

नागपूर ते शिर्डी हा ‘समृद्धी’चा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, काँक्रीटचा सरळ रस्ता आणि तासन् तास एकच वेग. शहरात कसेबसे चालणारे टायर इथे उघडे पडले. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी धाडल्या.

मात्र प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही चूक आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला लागलेल्या आगीत २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचे सुरुवातीला सांगितले गेले, पण परिवहन विभागाच्या तपासणीत तसे आढळले नाही. टायर हे निमित्त म्हणून सोयीचे असते. म्हणूनच झीज मोजून, पाहून बोलावे.

तपासणीची एक मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. नाक्यावर उभे राहून टायरची बाहेरची बाजू दिसते. आतून तारा निघालेली सेदान त्या नजरेतून सहज सुटली असती.

वाहनधारकांनी काय करावे?

- महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, सकाळी टायर थंड असताना हवा तपासा. दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आत असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका.
- आठ ते दहा हजार किलोमीटरला टायर आलटूनपालटून लावा. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर हे करता येत नाही. बाण छापलेल्या टायरची बाजू बदलू नका.
- मोठा खड्डा लागला, सस्पेन्शनचे काम झाले, स्प्रिंग किंवा अलॉय बदलले, की लगेच अलाइनमेंट करा. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. बऱ्याच गाड्यांत फक्त पुढचा टो जुळवता येतो. इतर कोन मर्यादेबाहेर असतील तर एखादा भाग वाकला आहे का, ते पाहायला सांगा.
- टायर जोडीने बदला. दोनच नवे घेतले तर ते मागे लावा. पावसात मागची चाके घसरली तर गाडी सावरणे जास्त अवघड असते.
- टायरवरील चार आकडी क्रमांक पाहा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नवा म्हणून जुना माल घेऊ नका.
- वेगाचे अक्षर कमी करू नका. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०. स्वस्तात मिळतो म्हणून कंपनीने दिलेल्यापेक्षा खालच्या दर्जाचा टायर बसवू नका.

त्या सेदानला पुढे दोन नवे टायर लागले, जुन्या स्प्रिंग परत बसल्या आणि अलाइनमेंट झाले. नागपूरचा प्रवास एक दिवस पुढे गेला. अलाइनमेंटचे आधीच पाचशे-सातशे रुपये खर्चले असते, तर दोन टायर वाचले असते.

चार टायर मिळून गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो साधारण चार तळहातांएवढ्या जागेपुरता. इंजिन कितीही ताकदीचे असो, ब्रेक कितीही चांगले असोत, सगळे येऊन थांबते ते तिथे. पुढच्या वेळी गाडी उभी कराल, तेव्हा स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली वाका आणि आतली कड पाहा. दोन मिनिटे लागतात.