गर्भवतीचे पालटते रूप

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा हिच्या गर्भारपणाचे वर्णन आले आहे. अंगात ग्लानी असल्यामुळे तिने सगळे अलंकार घातलेले नाहीत. तिचा चेहरा लोध्राच्या फुलासारखा फिकट झाला आहे. आणि तिने माती खाल्लेली असल्यामुळे तिच्या मुखाला मातीचा गंध येत आहे. राजाला तो गंध कितीही घेतला तरी पुरेसा वाटत नाही. शतकानुशतके रसिकांनी या वर्णनाचा आस्वाद घेतला आहे, आणि तो घेण्यासारखा आहेही. परंतु आजच्या एखाद्या डॉक्टरने ते वाचले, तर त्याचे लक्ष तीन गोष्टींकडे जाईल: थकवा, फिकटपणा आणि माती खाण्याची इच्छा. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर राणीचे रक्त तपासावे, असे तो सांगेल.

गर्भवतीच्या रूपाकडे सर्वांचेच लक्ष असते. सासू, शेजारीण, नवरा, आणि आरशासमोर उभी राहिलेली ती स्वतः, प्रत्येकाचे काही ना काही मत असते. कोणी ‘तेज आले’ म्हणते, कोणी ‘अगदीच उतरलीस’ म्हणते. या मतांचा तिच्या मनावर परिणाम होतो, आणि कित्येकदा तिच्या जेवणावर व औषधावरही होतो. म्हणून शरीरात काय पालटते आणि का पालटते, हे तिने व तिच्या घरच्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. जे बदल निरुपद्रवी आहेत त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. जे घातक आहेत त्यांचे कौतुक होता कामा नये.

तेज कोठून येते

गर्भारपणी चेहऱ्यावर तेज येते हा अनुभव खोटा नाही. या काळात हृदय दर मिनिटाला नेहमीपेक्षा तीस ते पन्नास टक्के अधिक रक्त शरीरात खेळवते. वाढत्या गर्भाची उष्णताही आईच्याच शरीराला बाहेर टाकावी लागते. त्यासाठी त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात व त्वचेखालून अधिक रक्त वाहू लागते. त्वचेतील तैलग्रंथीही पुष्कळदा अधिक स्राव करतात. गालांवरची लाली आणि चकाकी ही या सर्वांची मिळून झालेली असते.

मात्र ते प्रत्येकीलाच येते असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ व उलट्यांनी हैराण झालेल्या स्त्रीचा चेहरा ओढलेलाच दिसतो. तैलग्रंथींच्या त्याच स्रावामुळे एखादीच्या चेहऱ्यावर मुरुमे येतात. यात तिचा काही दोष नाही. आईच्या रूपावरून मुलगा की मुलगी हे ओळखण्याचा खेळ आपल्याकडे जुना आहे, पण त्यात एका घरी ‘मुलगी आईचे रूप घेते’ म्हणतात, तर दुसऱ्या घरी ‘मुलगी असली की आई उजळते’ म्हणतात! मुलाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच पित्याच्या शुक्राणूतील गुणसूत्राने ठरलेले असते. आईच्या गालांना त्याची वार्ता नसते.

डाग आणि रेषा

त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्यास मेलॅनिन म्हणतात. गर्भारपणी वाढलेल्या संप्रेरकांमुळे ते द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींना उत्तेजन मिळते. स्तनाग्रे गडद होतात, बेंबीपासून खाली एक काळसर रेषा उमटते, आणि काहींच्या गालांवर, कपाळावर व ओठांच्या वर तपकिरी डाग पडतात. त्यांना आपण वांग म्हणतो. ऊन लागल्याने वांग अधिक गडद होतो, म्हणून पदर किंवा छत्री हा त्यावरचा साधा उपाय आहे. प्रसूतीनंतर काही महिन्यांत हे डाग बहुधा फिके होतात; काहींच्या बाबतीत ते रेंगाळतात. ते घालवण्याच्या घाईत गोरेपणाची मलमे मात्र विचारल्यावाचून लावू नयेत. त्यांपैकी काहींत पारा आढळलेला आहे, आणि पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या, ‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित असलेल्या काही गोळ्यांनी तर गर्भात गंभीर व्यंगे उत्पन्न होतात. केशराचे दूध पिऊन मूल गोरे होत नाही; त्याचा वर्ण आईबापांकडून आलेल्या जनुकांवर अवलंबून असतो. दूध पिणे चांगले, केशर न मिळाल्यास हळहळण्याचे कारण नाही.

पोटावर व मांड्यांवर उमटणाऱ्या रेषांना आयुर्वेदात ‘किक्किस’ असे नाव आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्यांच्याविषयी एक मोठा मनोरंजक उल्लेख आहे. सातव्या महिन्यात गर्भाला केस फुटतात व त्यामुळे आईच्या अंगाची आग होते, असे स्त्रिया म्हणतात. पण आत्रेयांचे म्हणणे तसे नाही, गर्भाच्या दाबाने दोष वर सरकतात व त्यातून दाह, कंड आणि मग किक्किस उत्पन्न होते, असे तेथे सांगितले आहे. आजचे स्पष्टीकरण याहून निराळे आहे: त्वचेच्या आतल्या थरातील चिवट तंतू ताणले जाऊन विस्कटतात, आणि संप्रेरकांमुळे तेथील बांधणी आधीच काहीशी सैल झालेली असते. तरीही रूढ समजूत मांडून ‘तसे नव्हे, कारण दुसरेच आहे’ असे म्हणण्याची ही रीत पाहिली की कौतुक वाटते. या रेषा कोणाला पडतील हे बहुतांशी आनुवंशिक असते. तेल चोळल्याने त्या टळतात असे सिद्ध झालेले नाही. चोळल्याने बरे वाटते व त्वचा मऊ राहते, एवढा लाभ पुरेसा मानावा. पुढे त्या फिकट होतात, पण पूर्णपणे जात नाहीत.

वजन आणि चाल

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गर्भारपणात सुमारे दहा ते बारा किलोग्रॅम वजन वाढणे योग्य समजले जाते. ‘मी लठ्ठ झाले’ असे म्हणणाऱ्या स्त्रीने या वजनाचा हिशेब पाहावा. तीन किलोच्या आसपास मूल. अर्धा ते पाऊण किलो वार. पाऊण किलोहून थोडे अधिक गर्भजल. वाढलेले गर्भाशय सुमारे एक किलो. स्तनांची वाढ अर्धा किलो. वाढलेले रक्त आणि शरीरातील इतर द्रव मिळून अडीच ते तीन किलो. उरलेली सुमारे तीन किलो चरबी ही पुढे बाळाला पाजताना उपयोगी पडावी म्हणून शरीराने घातलेली बेगमी होय.

मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल या भीतीने मुद्दाम कमी जेवण्याची चाल देशाच्या अनेक भागांत आहे. तिचा परिणाम हानिकारक होतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांच्या वजनाची नोंद होती अशा बालकांपैकी सुमारे १८ टक्के जन्मतः अडीच किलोहून कमी भरली. अशी मुले आजारांना लवकर बळी पडतात.

चालण्याची ढब पालटते तिचेही कारण आहे. पोट पुढे आल्याने शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तोल सावरण्यासाठी स्त्री कंबरेत मागे झुकते. २००७ साली व्हिटकम, शपिरो आणि लीबरमन या अमेरिकेतील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की स्त्रियांच्या कंबरेचा बाक तीन मणक्यांवर विभागलेला असतो, पुरुषांच्या बाबतीत तो दोनच मणक्यांवर असतो. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश पूर्वजांच्या अवशेषांतही त्यांना हा भेद आढळला. ज्या चालीला आपण ‘बदकासारखी’ म्हणून हसतो, तिच्यामागे दोन पायांवर उभ्या राहिलेल्या प्राण्याचा एवढा मोठा इतिहास आहे.

फिकटपणा

आता सुदक्षिणेच्या चेहऱ्याकडे वळू. गर्भारपणी रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, जवळजवळ निम्म्याने वाढतो; तांबड्या पेशी मात्र वीस ते तीस टक्केच वाढतात. त्यामुळे रक्त काहीसे विरळ होते. हे सर्व गर्भवतींच्या बाबतीत घडते व त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु नव्या पेशी घडवण्यास लोह आणि फॉलिक आम्ल लागते. त्यांचा साठा मुळातच कमी असेल तर विरळपणाचे रूपांतर रक्तक्षयात होते. शंभर मिलिलिटर रक्तात हीमोग्लोबिन अकरा ग्रॅमहून कमी झाले की गर्भवतीस रक्तक्षय आहे असे सर्वसाधारणपणे समजतात. वर उल्लेखिलेल्या पाहणीत भारतातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव झाला असता निरोगी स्त्री तो सोसू शकते. रक्तक्षय झालेल्या स्त्रीच्या जिवावर तो बेततो.

या प्रश्नाचा उलगडा होण्यात मुंबई शहराचा मोठा वाटा आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिका १९२८ साली तेथे आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणी एक विशेष प्रकारचा रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत आणि कित्येक स्त्रिया त्यात दगावत. या स्त्रियांच्या आहारात भाजीपाला, दूध आणि मांस यांचा तुटवडा होता. विल्सबाईंनी आहाराच्या रोखाने शोध घेतला, आधी उंदरांवर व मग माकडांवर प्रयोग केले, आणि अखेरीस त्यांना असे दिसले की ‘मार्माइट’ नावाने विकला जाणारा यीस्टचा स्वस्त अर्क दिला की हा रक्तक्षय बरा होतो. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांपासून ते वेगळे काढण्यात आले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज गर्भवतीला सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते, तिच्यात साठ मिलिग्रॅम लोहाबरोबर पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. चौथ्या महिन्यापासून ती रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यावयाची असते. पहिल्या तीन महिन्यांत, आणि शक्य तर गर्भधारणेच्या आधीपासूनच, फॉलिक आम्लाची निराळी गोळी देतात. गर्भाच्या मज्जारज्जूची व्यंगे तिच्यामुळे बऱ्याच प्रमाणात टळतात.

लाल गोळीने शौचास काळे होते, क्वचित मळमळते. याची भीती बाळगू नये. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबू किंवा आवळा यांच्यासह घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. पालेभाजी फार वेळ शिजवून वरचे पाणी टाकून दिले तर फॉलिक आम्लाचा बराचसा भाग त्या पाण्याबरोबरच जातो.

मातीचे काय? भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, राख अशा वस्तूंची तीव्र वासना अनेक गर्भवतींना होते, आणि लोहाच्या उणिवेशी तिचा निकट संबंध आढळतो. वाईट असे की माती आतड्यात लोहाला धरून ठेवते व उणीव वाढवते. शिवाय तिच्यातून जंतांची अंडी पोटात जातात. सुश्रुतसंहितेत गर्भवतीला दोन हृदये असलेली म्हटले आहे आणि तिचे डोहाळे पुरवावेत असे सांगितले आहे. बाकीचे डोहाळे अवश्य पुरवावेत. मातीचा डोहाळा मात्र लपवू नये आणि पुरवूही नये. तो डॉक्टरांना सांगावा.

सूज

संध्याकाळी पावले सुजणे व रात्रीच्या विश्रांतीने ती सूज उतरणे हे सामान्य आहे. पण चेहरा व हात सुजले, बांगड्या एकाएकी घट्ट होऊ लागल्या, डोके सतत दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर त्याला ‘अंग भरले’ म्हणून स्वस्थ बसू नये. पाच महिन्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक झाला व लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो आकडीपूर्व विकार असू शकतो आणि आई व मूल दोघांच्याही जिवाला त्यापासून धोका असतो. तळहात व तळपाय यांना रात्री असह्य कंड सुटली तर तीही सांगावी. ती यकृताच्या बिघाडाची खूण असू शकते. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना आहे. रक्तदाब मोजण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

मनाविषयी

महाराष्ट्रात डोहाळजेवण, तमिळनाडूत वळैकाप्पु, बंगालात साध, उत्तरेत गोदभराई: नावे निरनिराळी, रीत सारखीच. फुलांचे दागिने घालून, हातभर बांगड्या भरून, वाढलेल्या पोटासह तिला मध्यभागी बसवतात. जे शरीर ती महिनोन्महिने पदराने झाकत आली, तेच त्या दिवशी सर्वांच्या कौतुकाचे होते. प्रस्तुत लेखकाच्या मते या समारंभातील ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे. झाकल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, याला तितके महत्त्व देऊ नये.

समारंभ एक दिवसाचा असतो. एरवी तिला स्वतःचे शरीर परके वाटत असेल, तर सैल सुती कपडे, योग्य मापाची चोळी, डॉक्टरांनी मनाई केली नसल्यास रोजचे चालणे, आणि जे बदल झाले आहेत त्यांविषयी घरात मोकळेपणाने बोलता येणे, यांचा उपयोग होतो. नवऱ्याने तपासणीच्या वेळी बरोबर जाणे हे शंभर स्तुतिवाक्यांहून बरे. तरीही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप आणि भूक गेली, कशातच गोडी वाटेना, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे दहा टक्के गर्भवतींना मनाचा काही विकार होतो, आणि बाळंतपणानंतर हे प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत जाते. त्यावर उपचार आहेत.

केसांची एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवलेली बरी, कारण तिने पुष्कळजणी घाबरतात. गर्भारपणी केसांच्या वाढीचा काळ लांबतो, जे केस एरवी गळले असते ते टिकून राहतात, आणि वेणी जाड होते. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी हे थांबलेले केस एकदमच गळू लागतात; फणीत पुंजकेच्या पुंजके येतात. बाळाला पाजल्याने हे होत नाही, आणि बाळाने आईला ओळखल्यामुळेही होत नाही. बहुधा मूल वर्षाचे होण्याच्या सुमारास केस पूर्ववत होतात. तसे न झाल्यास रक्त तपासून घ्यावे.