मेदाची साक्ष

ज्यांच्या घरात कर्करोग येऊन गेला आहे, त्यांना ‘ब्लॉक’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात दुसरे मत घ्यायला आलेल्या नातेवाइकाच्या पिशवीत मेणाचा एक लहानसा ठोकळा असतो. गाठीचा तुकडा त्यात बसवलेला असतो. निदानाचा आधार तोच. पण त्या तुकड्यातला मेद बहुतांशी नाहीसा झालेला असतो.

कारण साधे आहे. ऊती मेणात बसवण्यापूर्वी तिच्यातले पाणी अल्कोहोलने काढतात आणि अल्कोहोल झायलीनने. ही द्रावके मेदही विरघळवून नेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली उरतो तो मुख्यतः पेशींचा आकार.

कर्करोगाच्या पेशीला तर मेद हवाच असतो. पेशी दुभंगायची तर नवे पेशीपटल लागते आणि त्यात फॉस्फोलिपिडांचा वाटा मोठा असतो. म्हणून अनेक गाठींतील पेशी रक्तातून येणाऱ्या मेदावर न थांबता स्वतः मेदाम्ले बनवू लागतात. पटलातील लिपिडांचे प्रमाण बदलते.

हा बदल जागच्या जागी दाखवते मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग. गोठवलेल्या ऊतीचा सुमारे १० मायक्रॉन जाडीचा काप घेतात. त्यावर लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या रसायनाचा थर देतात आणि एकेका ठिपक्यावर लेसर मारतात. सुटलेल्या आयनांचे वस्तुमान यंत्र नोंदवते. त्यातले एक वस्तुमान निवडले, की ते कुठे किती आहे याचा नकाशा तयार होतो. अमेरिकेत रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये ही रीत मांडली. २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने लेसरऐवजी विद्युतभारित द्रावकाचा फवारा वापरला. २०१० मध्ये याच फवाऱ्याने प्रोस्टेटच्या कर्करोगग्रस्त भागात कोलेस्टेरॉल सल्फेट दाखवले; निरोगी भागात ते जवळजवळ नव्हते.

शस्त्रक्रियेत खरा प्रश्न असतो तो गाठ कुठे संपते हा. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातील झोल्टान टाकाट्स यांनी नकाशा न काढता, विजेच्या सुरीने कापताना निघणाऱ्या धुरातले लिपिड तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ शस्त्रक्रियांतले असे निदान नंतरच्या पॅथॉलॉजी अहवालाशी जुळले.

मर्यादाही आहेत. रचना वेगळी पण वस्तुमान एकच, अशी लिपिडे असतात. निव्वळ वस्तुमानावरून ती वेगळी ओळखता येत नाहीत. शिवाय मेणाचा ठोकळा साध्या कपाटात वर्षानुवर्षे टिकतो. गोठवलेल्या तुकड्याला मात्र सहसा उणे ८० अंशांचे शीतकपाट आणि अखंड वीज लागते. पिशवीतल्या त्या ठोकळ्याला आकाराविषयी कधीही विचारता येईल. मेदाची साक्ष हवी असेल, तर तुकडा धुण्याआधीच ठरवावे लागेल.