विनाशिका आणि तिचे भवितव्य

मागील सहामाहीत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही दोनापावलाच्या धक्क्यावर गेलो होतो. झुआरीच्या मुखापलीकडे, मुरगाव बंदराच्या बाजूस, करड्या रंगाची एक युद्धनौका दिसत होती. "सर, ही फ्रिगेट की विनाशिका?" एकाने विचारले. मला सांगता येईना. तोच दुसरा म्हणाला, "एका क्षेपणास्त्राने बुडायच्याच असतील, तर अशा नौका बांधतात तरी कशाला?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा ध्यानी आले की ही नावे प्राणिशास्त्रातील जातींसारखी काटेकोर नाहीतच. ढोबळ मानाने कॉर्व्हेट लहान, फ्रिगेट तिच्याहून मोठी, विनाशिका त्याहून मोठी व क्रूझर सर्वांत अवजड, असा क्रम लावतात खरा. पण जर्मनीच्या नव्या फ्रिगेटी सुमारे ७,२०० टनांच्या आहेत, आणि आपल्या बंदराचे नाव धारण करणारी, १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली 'मुरगाव' विनाशिका ७,४०० टनांची! जपानची गंमत तर औरच. त्या देशाच्या राज्यघटनेने युद्धाचा त्याग केलेला; म्हणून २०१५ साली सेवेत आलेली २४८ मीटर लांबीची 'इझुमो' सपाट धावपट्टी मिरवीत असूनही 'संरक्षक नौका' या नावाने नोंदली गेली. तेव्हा नावात वजनाइतकेच राजकारणही असते.

'विनाशिका' या शब्दाचा उगम मात्र बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीर सोडणाऱ्या चिमुकल्या नौका निघाल्या आणि त्यांनी बलाढ्य चिलखती जहाजांची झोप उडविली. त्यांचा समाचार घेण्यासाठी इंग्लंडने १८९३ मध्ये 'हॅवॉक' ही वेगवान नौका पाण्यात उतरविली. विनाश करावयाचा तो या पाणतीर-नौकांचा, म्हणून हे नाव! म्हणजे मोठ्या जहाजांचे दिवस भरले, ही ओरड निदान सव्वाशे वर्षांची जुनी आहे.

ती ओरड निराधार मात्र नव्हती. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहानशा क्षेपणास्त्र-नौकांनी इस्राएलची 'एलात' विनाशिका बुडविली. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या नौदलाने कराचीसमोर तेच तंत्र वापरून पाकिस्तानची 'खैबर' बुडविली. आणि पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' फ्रिगेट बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक परत आले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात रशियाची 'मोस्क्वा' ही प्रचंड क्रूझर गेली, तीही ज्याच्यापाशी मोठी युद्धनौका उरली नव्हती अशा युक्रेनच्या किनाऱ्यावरील क्षेपणास्त्रांनी.

मग त्या मुलाचे म्हणणे बरोबर का? मला तसे वाटत नाही. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर हूथींचे क्षेपणास्त्र आदळून आग भडकली. त्यावर २२ भारतीय व एक बांगलादेशी खलाशी होते. 'मुरगाव'ची भगिनी 'विशाखापट्टणम' तेथे धावून गेली आणि तिच्या नौसैनिकांनी आग विझविण्यास हातभार लावला. पाणबुडीला हे काम साधले नसते. किनाऱ्यावरील क्षेपणास्त्राला तर नाहीच. व्यापारी जहाजांची सोबत करावयाची, तर समुद्राच्या पृष्ठभागावर कोणीतरी उभे असावेच लागते.

खरी अडचण निराळी आहे आणि तिला अंकगणिताचा आधार आहे. 'मुरगाव'वर हवाई हल्ला परतविणारी 'बराक' क्षेपणास्त्रे ३२. ती संपली की पुन्हा भरण्यासाठी बंदर गाठणे आले. उलट शत्रूचे ड्रोन स्वस्त, आणि हवे तितके. तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या विनाशिकांनी २०२३ पासून असे अनेक ड्रोन पाडले. परंतु हजारांच्या वस्तूवर लाखांचा बाण किती दिवस सोडावयाचा? म्हणूनच आता तोफांकडे पुन्हा लक्ष वळले आहे आणि लेसर किरणांचे प्रयोग नौकांवर चालू आहेत. विनाशिकेला पुन्हा एकदा चिमुकल्या शत्रूंचाच समाचार घ्यावयाचा आहे.