कार्ड रीडर (लिनक्स)

लॅपटॉपमधील मेमरी कार्ड रीडर यूएसबीने जोडलेला असल्यास लिनक्स त्यास पेन ड्राइव्हप्रमाणे ओळखते व सहसा अडचण येत नाही. पीसीआय एक्सप्रेसवरील रीडरला मात्र स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. एसडीएचसीआय मानकाचा ड्रायव्हर कर्नेलच्या २.६.१७ या आवृत्तीत (२००६) आला. हे मानक न पाळणाऱ्या रियलटेक चिपांसाठी जुन्या कर्नेलवर तो वेगळा बसवावा लागे.

कर्नेलच्या नोंदींत 'एमएमसीबीएलके०' हे नाव दिसूनही कार्ड उघडत नसेल, तर रीडर सहसा निर्दोष असतो. ३२ जीबीहून मोठी एसडीएक्ससी कार्डे एक्सफॅट स्वरूपात येतात आणि कर्नेलमध्ये त्याचा आधार ५.४ (२०१९) पासूनच आहे. त्याआधीच्या प्रणालीवर कार्ड बिघडल्याचे समजून ते फॉरमॅट केल्यास त्यातील छायाचित्रे नाहक गमावली जातात; एक्सफॅटचे पॅकेज बसवले की तेच कार्ड वाचता येते.